डावी बाजू हलकी

गाडी निघाली तेव्हा बाईंनी मागे वळून घराकडे पाहिलं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना वाटलं असेल, केवढं मन घट्ट केलंय! मन घट्ट वगैरे काही नव्हतं. बाईंना दुपारच्या आत याच वस्तीत परत यायचं होतं, आणि ही गोष्ट शेजारी स्टिअरिंग धरून बसलेल्या नवऱ्याला सांगायची अजून बाकी होती.

नवरा म्हणजे तागडीसाहेब. खरं नाव कागदोपत्री होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना दुकानात शिरायच्या आधी दिसायचा. त्यांचं हे नाव पडलं तसं ओघानंच बायकोचंही पडलं, तागडीबाई. सुरुवातीला एकदोघांना बाईंनी आपलं नाव सांगून पाहिलं. मग तेही सोडून दिलं.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी एक जुनी लांब व्हॅन घेतली आणि स्वतःच्या हातांनी तिचं मोटारहोम केलं. झोपायला फळ्या, जेवायला घडीचं टेबल, दोन शेगड्या, पाण्याची टाकी. उजवीकडे त्यांची हत्यारं आणि बॅटऱ्या, डावीकडे बाईंच्या सामानाला लांबच्या लांब कपाट. घर भाड्याने दिलं, किल्ल्या काल सोपवल्या. आता उरलेले दिवस या गाडीत, रस्ता नेईल तिकडे, असा साहेबांचा बेत होता. तो त्यांनी इतक्या लोकांना इतक्या आनंदाने सांगितला होता की त्यात बायकोचा होकार नुसता गृहीत धरलाय, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि बाईंचा बेत? डाव्या कपाटात खोके होते, चिकटपट्टीने बंद केलेले. प्रत्येकावर बाईंनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: शिवणयंत्र, पातेली, पुस्तकं, गरम कपडे. एकूण एक खोका रिकामा होता. त्यातलं सामान थोडं थोडं करून धाकट्या बहिणीच्या घरी, माडीवरच्या खोलीत जाऊन पोचलं होतं. "माझ्या सामानाला मीच हात लावणार," असं बजावून बाईंनी ते खोके स्वतः गाडीत चढवले, आणि बायकोचा हा उत्साह बघून साहेब बिचारे खूश झाले होते.

सरळ सांगून का नाही टाकलं, असं कुणीही विचारील. सांगायचं म्हणून बाई कितीदा तरी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या आणि चहा हवा का विचारून परत गेल्या होत्या. ज्यांनी कधी असा चहा विचारला नाही त्यांनी खुशाल हसावं.

शेवटी त्यांनी ठरवलं की वस्तीच्या टोकाला टायरवाल्याकडे गाडी थांबेल, तिथं बोलायचं. हवा भरायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात सांगायचं आणि उतरायचं. तिथून धाकटीचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

पण साहेबांनी गाडी टायरच्या दुकानात नेलीच नाही. शेजारच्या वजनकाट्याच्या आवारात घातली.

"काटा कशाला? हवा भरायची ना?" बाईंनी विचारलं.

"अगं, हवा काय डोळे मिटून भरायची असते? टायरवर आकडा लिहिलेला असतो तो जास्तीत जास्त. आपल्याला किती हवी ते आपल्या वजनावर ठरतं. कमी पडली तर टायर तापून फाटतो. जास्त झाली तर गाडी नुसती उडते, ब्रेकसुद्धा धड लागत नाही. म्हणून आधी वजन. सामान, पाणी, माणसं, सगळ्यांसकट. एकेका चाकाचं."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तेही वजनमापे निरीक्षकापासून! उभा जन्म या माणसाशी संसार करून एवढं साधं बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं.

काटा आणि दुकान एकच माणूस सांभाळत होता. त्याने आधी पुढची चाकं काट्यावर घ्यायला लावली, मग पूर्ण गाडी, मग डावी चाकं एकेक करून. साहेब दर वेळी खाली उतरून आकडा बघत, परत चढत. डाव्या मागच्या चाकाचा हिशेब लागला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काटा खोटा आहे तुझा."

"साहेब, आत्ताच खडीचा ट्रक मोजून गेला. तो काही बोलला नाही."

"त्याचा फायदा झाला असेल, तो कशाला बोलेल? पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. आकडा तोच आला.

"डावी बाजू हलकी आहे, एवढंच," टायरवाला म्हणाला. "हवा उजव्या चाकाच्या हिशेबाने भरू, दोन्हीकडे सारखी. जड बाजूवरच ठरवायची असते."

"आणि हलक्या बाजूचं काय?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"तिला जरा धक्के जास्त बसतात, काकू. चालतं."

"पण आधी सामान सारखं करून घेऊ," साहेब म्हणाले. "माझी हत्यारांची पेटी तुझ्या कपाटात टाकतो. ते शिवणयंत्र थोडं पुढे सरकवावं लागेल."

"राहू द्या हो."

"राहू द्या काय? वळणावर कलंडेल गाडी."

ते मागे गेले, कपाट उघडलं आणि गुडघे वाकवून, कमरेला जपत, शिवणयंत्राच्या खोक्याला दोन्ही हात घातले. सगळा जोर लावून उचलला. खोका वर उडाला आणि साहेब मागच्या मागे शेगडीवर आदळले. बघणाऱ्याला हसू फुटावं असाच प्रसंग होता. त्यांनी तोल सावरून पुस्तकांचा खोका उचलला, मग पातेल्यांचा. मग तिन्ही खोके अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील असे परत जागेवर ठेवले आणि कपाट लावून घेतलं.

बाहेरून टायरवाला ओरडला, "साहेब, टायर तापलेत. चालून आल्यावर हवेचं गेज खोटं दाखवतं. थंड होईपर्यंत सावलीत लावा, मग बघू."

गाडी सावलीत लागली. घडीच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसले. त्या टेबलाशी बसायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"सामान कुठाय?"

"धाकटीकडे. माडीवर."

"सगळं?"

"सगळं."

"आणि तू?"

"मीही तिथंच राहणार."

साहेब बराच वेळ टेबलाची कड अंगठ्याने घासत राहिले. ती कड त्यांनीच तासली होती, फार गुळगुळीत झाली होती.

"माझं काय चुकलं ते सांग," ते म्हणाले. "दुरुस्त करतो." एखाद्या दुकानदाराशी बोलावं तसा त्यांचा सूर होता. दोष दाखवा, मुदत घ्या, आम्ही पुन्हा येऊन बघू.

"काही चुकलं नाही तुमचं. चुकलं असतं तर भांडले असते, केव्हाच मोकळी झाले असते." बाईंना वाटलं होतं आपला आवाज कापेल. तो कापला नाही. "घरात तुम्ही काही समजावून सांगायला लागलात की मी आतल्या खोलीत जायचे. दार लावून घ्यायचे. त्या एका दारावर मी संसार काढला. इथं दार कुठाय? तुम्ही हात लांब केलात की घर संपतं."

"मग आधी बोलायचं होतंस. मी तुला विचारून केलंय सगळं."

"तुम्ही मला पडद्यांचा रंग विचारलात."

साहेबांनी आठवून पाहिलं. एक मात्र होतं, स्वतःच्या सोयीचं खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"हो," ते म्हणाले. "रंगच विचारला."

"मघाशी तो म्हणाला ना, जड बाजूवर ठरवायचं आणि हलकीला धक्के. मला त्यात नवीन काही वाटलं नाही." हे बोलून गेल्यावर बाईंना स्वतःचाच राग आला. तयार करून ठेवल्यासारखं वाक्य, आणि समोर हा माणूस असा बसलेला.

"मला वाटायचं तू सुखात आहेस," साहेब म्हणाले. "तू कधी तक्रार केली नाहीस."

तक्रार आली नाही म्हणून काटा खरा, असं त्यांनी आयुष्यात एकाही दुकानात मानलं नव्हतं. हे त्यांचं त्यांनाही उमगलं असावं, कारण पुढे त्यांनी काही सफाई दिली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "भाडेकरूला नाही म्हणून सांगू. परत जाऊ घरी."

"आणि मग? तुम्ही रोज खिडकीतून ही गाडी बघत बसाल आणि मी तुम्हाला. नको. तुम्हाला जायचंय. जा तुम्ही."

साहेब नाही म्हणाले नाहीत. त्यांना खरंच जायचं होतं, चेहऱ्यावर लिहिलेलं होतं ते. बाईंना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी आत काहीतरी लागलंही. एकदा तरी नाही म्हणायचं होतं, असं वाटून गेलं.

टायरवाल्याने चाकाला हात लावून पाहिला आणि दारावर थाप मारली. "झाले थंड. भरायची हवा?"

"पुन्हा काट्यावर घेतो," साहेब उठले. "एक माणूस कमी झालं."

टायरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवी घेऊन पायरी उतरणाऱ्या बाईंकडे पाहिलं, आणि नजर जमिनीकडे वळवली. "एका माणसासाठी कशाला साहेब? काही फरक पडत नाही."

"घेतो."

बाई काट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. गाडी चढली, डावी चाकं घेतली, आकडा आला. मघापेक्षा जरासा खाली. टायरवाल्याने टायरच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि ते मघाच्याच ओळीवर येऊन थांबलं.

"म्हटलं होतं ना. हवा तेवढीच."

साहेबांनी तक्ता त्याच्या हातून घेतला, चष्मा वर करून ती ओळ स्वतः वाचली. मग परत दिला.

"फरक पडायला हवा होता," ते म्हणाले.

बाईंनी रागाची तयारी केली होती. रुसव्याची, मिनतवारीची, अबोल्याचीही. याची केली नव्हती. त्या कंप्रेसरकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्याच्या धडधडाटात रडून घेतलं.

चारही चाकांत हवा साहेबांनी स्वतः भरली. प्रत्येक चाकाशी उकिडवं बसायचं, गेज लावायचं, किंचित सोडायची, पुन्हा लावायचं. घाई केली नाही. मग हात पुसत बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"शिवणयंत्र जमिनीवर ठेवू नकोस. ओल लागते. फळीवर ठेव."

"ठेवीन. गोळ्या डाव्या खणात आहेत तुमच्या. जेवल्यावर घ्यायच्या."

"हं."

मग साहेब गाडीत चढले.

आवाराच्या फाटकाशी गाडी डावीकडे वळायला थांबली. गाडी लांब, डाव्या अंगाचं साहेबांना दिसत नसे. सरावासाठी फेऱ्या मारताना ते वळणावर नुसतं "डावीकडे?" म्हणायचे आणि बाई काच खाली करून बघून सांगायच्या. आजही उघड्या खिडकीतून आवाज आला, "डावीकडे?" आणि पुढे काहीच नाही. गाडी जागची हलेना. मागे आलेल्या ट्रकने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

बाई भराभर चालत फाटकापर्यंत गेल्या. एक सायकलवाला येत होता, त्याला जाऊ दिलं. रस्ता दूरपर्यंत बघून घेतला.

"मोकळं आहे," त्या म्हणाल्या. "जा."