कोमट पाणी

गोटी रबराला घट्ट बसायला हवी होती, ती बाटलीच्या गळ्यात नुसती लोळत होती. गहिनीनाथने बाटली उजेडाला धरली, हलवली — चार बुडबुडे, तेही मरतुकडे — आणि घोडेगावच्या भर बाजारात, बैलांच्या हंबरण्यात, त्याला गेल्या उन्हाळ्यातला सोडा आठवला... नको तेव्हा नको ते आठवायची खोडच होती त्याला.

"सोडा हाय का नुसतं पानी?" समोरचा बैलांचा व्यापारी म्हणाला.

गल्ल्यावरचा कानिफनाथ हसला. गहिनीनाथचा हा धाकटा भाऊ नगरला इंटर सायन्सपर्यंत शिकलेला. गिऱ्हाईक सापडलं की त्याची शिकवणी सुरू. "उन्हाळा हाय, पाव्हणं. गार पान्यात गॅस मुरतो, कोमट पान्यात ठरत न्हाई. बाटली बंद हाय तवर जेवढा वर येतो तेवढाच परत पान्यात जातो, बघनाऱ्याला कायबी दिसत न्हाई."

"आन् त्या किटलीत पांढरं काय धरलंय?"

"चुना. आपल्या हिरीच्या पान्यात विरघळलेला असतो. पान्यातल्या गॅसमुळं त्यो टिकून ऱ्हातो. पानी तापलं, गॅस गेला, की बसला खाली. कॉलेजात पैल्याच वर्षी शिकवत्यात."

पहिल्याच वर्षी... म्हणजे छगनच्या आधी. छगनच्या कितीतरी आधी.

छगन, गहिनीनाथची बायको मनकर्णा हिचा सख्खा भाऊ, त्याचा मेव्हणा. दोघांनी मिळून सोड्याचं यंत्र आणलं, छगन रात्री दुकानातच झोपायचा. आणि गेल्या चैत्रात सोड्यात दम राहीना तेव्हा ह्याच कानिफनाथने कानाशी येऊन म्हटलं होतं — दादा, रात्री गॅस कुठं जातो तेवढं बघ. तेवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही लबाडाने. आणि मी? चोरून बाटल्या भरून विकतोस, असं मी मेव्हण्याच्या तोंडावर म्हणालो! छगन चिडलासुद्धा नाही. "चला शिंगणापूरला, शनिदेवाम्होरं शपथ घेतो," म्हणाला. गहिनीनाथ गेला नाही. खोटी शपथ घेतली तर देव डोळे काढून घेईल, बायकोचा भाऊ आंधळा होईल — केवढी ती माया! वर्षभर त्याला स्वतःच्या त्या मायेचं कौतुक वाटत आलं होतं. छगन गाव सोडून गेला आणि भागीत कानिफनाथ आला.

व्यापारी उठून गेल्यावर त्याने विचारलं, "गॅस उन्हानं जातो, हे गेल्या साली तुला ठाऊक हुतं?"

कानिफनाथने फडक्याला हात पुसले. "तू इचारलंस कुठं, दादा?"

अंगाची लाही लाही झाली. ह्याला मी कडेवर वागवला, माझ्या ताटातला घास ह्याला भरवला... मानगूट धरावी, बाजारातून फरफटत न्यावा... पण हात उचलेना. कानिफनाथ खोटं बोललाच नव्हता, आणि हेच त्याला जास्त झोंबत होतं.

मागे मनकर्णा चहा गाळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ती दिरावर तुटून पडेल म्हणून तो थांबला, मनातून वाटही पाहू लागला. तिनं गाळणं खाली ठेवलं. दिराकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती बघत होती ती नवऱ्याकडे, डोळ्यांत पाणी नाही की राग नाही.

माझा घात झाला गं, असं तिला सांगायला गहिनीनाथने तोंड उघडलं — आणि हे बोलायचा हक्क छगनचा आहे, आपला नाही, असं वाटून ते तसंच उघडं राहिलं.