पांढरी पेस्ट

कमळाकरला आयुष्यात एकदाच कोणी चुना लावला होता, पण असा लावला की त्यानंतर तो देवळातला प्रसादही वास घेऊन मगच तोंडात टाकायचा. गोड बोलणारा एक दलाल होता आणि सुकापूरच्या रस्त्याला लागून कमळाकरची भाताची खाचरं होती. आज तिथे टोलेजंग इमारत उभी आहे आणि तिच्या गेटवरचा वॉचमन कमळाकरलाच विचारतो, "कोणाकडे जायचंय, काका?" तेव्हापासून त्याने मनाशी एक सरळ रेघ मारून घेतली होती. उंबऱ्याबाहेरचं माणूस फसवणार, आतलं नाही. या रेघेवर तो सुखाने जगत होता.

त्यामुळे निशाचा लॅपटॉप दुरुस्तीला न्यायची वेळ आली तेव्हा तो स्वतःच निघाला. निशा त्याची थोरली लेक. घरी बसून एका कंपनीचं काम करायची. हल्ली तिचा लॅपटॉप तव्यासारखा तापायचा आणि ऐन मीटिंगमध्ये बंद पडायचा. साहेबाने सांगून टाकलं होतं, सोमवारी पुन्हा असं झालं तर घरून काम करणं बंद, सरळ बंगळुरूला येऊन राहायचं. पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"बाबा, दुकानात नका देऊ," धाकटा प्रणित म्हणाला. तो तळोज्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा. "आतले पार्ट काढून घेतात हे लोक. मीच बघतो परत." मागे त्यानेच एकदा लॅपटॉप हातात घेतला होता. पंखा साफ केला म्हणाला होता, आणि नंतर काही दिवस तो बरा चाललाही होता.

"तुजं खरं हाय," कमळाकर म्हणाला. पोराला घराची एवढी काळजी आहे हे पाहून त्याला बरं वाटलं. "पन सोमवार आला. मी समोर बसून करून घेतो. मना कोन फसवतंय ते बगू."

निघण्याआधी त्याने लॅपटॉपचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि निशाच्या नेलपॉलिशचा एक ठिपका खाली कोपऱ्यात लावून ठेवला. आपल्या हुशारीवर तो भलताच खूश होता.

जुन्या पनवेलात परेशचं दुकान होतं. समोर काचेचं काउंटर, मागे उघडी पडलेली यंत्रं. परेश तिशीतला, चष्म्यावर आणखी एक भिंग चढवून बसलेला. त्याने चहा मागवू का म्हणून विचारलं. कमळाकरने नको म्हणून मान हलवली. चहाकडे बघत असतानाच हे लोक हात मारतात, एवढं न कळायला तो दुधखुळा नव्हता.

शेजारच्या स्टुलावर मोबाइल दुरुस्तीसाठी थांबलेला एक गृहस्थ तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर रीतीप्रमाणे त्याने तळहात पुढे केला. "घ्या, काका."

"सोडली," कमळाकर म्हणाला. "गालातून पांडरा चट्टा काडला माज्या डॉक्टरनी. माजा भाव तुळशीराम त्यातच गेला." मग छाती थोडी फुगवून म्हणाला, "मी हास्पिटलातून घरी आलो, आनि पितळंची डबी पोराच्या हातात दिली. जा, गाढी नदीत टाकून ये. सातवीत होता. गेला नि टाकून आला. तवापासून आमचे घरात चिमूट नाय." ही गोष्ट तो ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना ऐकवायचा, आणि ऐकवताना दरवेळी त्याला पोराचा अभिमान वाटायचा.

एव्हाना परेशने लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले होते. कमळाकर काउंटरवर एवढा ओणवला की परेशच्या दिव्यावर त्याच्या डोक्याची सावली पडली.

"काका, उजेड. हे बघा, हा प्रोसेसर. खरा तापतो तो हा. ही वरची तांब्याची पट्टी त्याची उष्णता ओढून पंख्याकडे नेते. दोघांच्या मध्ये पेस्ट लागते. ती सुकली की उष्णता जागीच अडकते." त्याने पट्टी अलगद उचलली आणि थबकला. "हा आधी कोणी उघडलाय?"

"नाय. पोरानी वरून पंका साफ केला होता, तेवडाच."

"उघडलाय, काका. ही पेस्ट कंपनीची नाही. ही पेस्टच नाही."

आलं लायनीवर, कमळाकर मनात म्हणाला. दलालानेही असंच केलं होतं. आधी आपल्याच वस्तूत खोट काढायची, माणूस घाबरला की गळ्यात काहीतरी बांधायचं.

"काय रं, मना चुना लावतंस काय?" तो एवढ्या जोरात ओरडला की तंबाखूवाल्याचा हात अर्ध्यावरच थांबला. "माज्या पोरानी मना आदीच सांगितलं होतं, तुमी लोक कशे ते!"

परेश चिडला नाही. अशी गिऱ्हाइकं त्याने पाहिली असावीत. त्याने लॅपटॉपच काउंटरवर पुढे सरकवला. "तुम्हीच हात लावून बघा."

प्रोसेसरवर पांढरा थर वाळून भेगाळला होता. कमळाकरने नखाने त्याचा एक पोपडा उचलला. तो डाव्या तळहातावर घेतला, आणि काय करतोय हे कळायच्या आधी त्याचा उजवा अंगठा त्यावर फिरू लागला. पोपड्याचं पीठ झालं. कडेला तपकिरी रंगाची एक बारीक काडी उरली. कमळाकरने तळहात नाकाशी नेला.

तीस वर्षं ज्या हाताने तंबाखूला चुना लावला, त्या हाताला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"टूथपेस्ट असेल," परेश म्हणाला. "व्हिडिओ बघून लावतात लोक. दोन दिवस चालते, मग सुकते."

"हां," कमळाकर म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "टूतपेस्टच असंल."

परेशने स्पिरिटचा बोळा फिरवला. एका पुसण्यात पांढरा थर निघून गेला आणि खालचा प्रोसेसर आरशासारखा लखलखला. मग त्याने करड्या पेस्टचा मटारएवढा थेंब ठेवला, पट्टी बसवली आणि लॅपटॉप तपासायला आतल्या खोलीत घेऊन गेला. कमळाकरने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लॅपटॉप परत हातात आल्यावर नेलपॉलिशचा ठिपका शोधायचंही त्याला सुचलं नाही.

रिक्षात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी फिरू लागली. प्रणितच्या खिशात सदा बडीशेप असायची. आपले कपडे तो आईला धुऊ द्यायचा नाही. पोरगा स्वावलंबी झाला म्हणून आपण कौतुक केलं होतं. आणि दुकानात नका देऊ म्हणाला, तो पार्टच्या काळजीनेच का? कमळाकरला स्वतःचीच शरम वाटली. बारा गावचे चोर ओळखणारा माणूस तो, आणि एवढी वर्षं नजर लावून बसला होता ती भलत्याच दाराकडे.

घरी निशाने लॅपटॉप सुरू केला आणि खाली हात लावून बघत बसली. प्रणित शिफ्टला निघायच्या तयारीत होता. कमळाकरने त्याला मागच्या पडवीत बोलावलं.

"खिशात काय हाय?"

"काय नाय, बाबा."

"निशाचे लॅपटॉपात चुना होता. तंबाकूची काडी पन होती."

प्रणितच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने खिशातून डबी काढून बापाच्या हातावर ठेवली. पितळेची, दोन झाकणांची, एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. झाकणावर लग्नानंतर बायकोने, शांतीने, भांड्यांबरोबर कोरून घेतलेलं नाव होतं. कमळाकर.

"पुलावर गेलो होतो," प्रणित म्हणाला. "टाकवली नाय. तुमचं नाव होतं तिच्यावर." मग पुटपुटला, "शिफ्टला झोप येते. सगळेच खातात. पेस्ट मिळाली नाय त्या दिवशी, वाटलं, पांढरंच तर हाय..."

कमळाकरचा हात वर गेला, पण त्याने मारलं नाही. राग यायला हवा होता, आली ती नुसती भीती. तुळशीरामचा शेवटचा, पट्टी बांधलेला चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"आ कर," तो म्हणाला.

"बाबा..."

"आ कर सांगतो."

त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. खालचा ओठ दोन बोटांनी बाहेर ओढला. आत, तंबाखूची गोळी धरायच्या जागेवर, नखाएवढं पांढरं होतं.

"चुना लागला असंल," प्रणित कसाबसा म्हणाला. "आताच खाल्ली होती."

"असंल," कमळाकर म्हणाला. आजवर कुणावर ठेवला नसेल एवढा विश्वास त्याला त्या वाक्यावर ठेवायचा होता. त्याने गळ्यातला पंचा अंगठ्याला गुंडाळला आणि ते पांढरं पुसलं.

आतून निशा आनंदाने ओरडली, "बाबा, गार हाय! एकदम गार!"

त्याने पुन्हा पुसलं, या वेळी जरा दाबून. प्रणितच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हलला नाही.

"निघालं काय, बाबा?"

कमळाकर पुसतच राहिला.