अकरा स्टुलं

दादाच्या सिनेमात भूत मीच व्हायचं, हे लहानपणापासून ठरलेलं होतं. वडिलांच्या फोनवर आम्ही सात सिनेमे केले आणि सातही वेळा चादर पांघरून कॉटखालून मीच बाहेर आले. आठवा हा पहिलाच खरा होता. भाड्याचा कॅमेरा, नऊ माणसं आणि वस्तीबाहेरचं एक तळं. या तळ्यात बुडालेली बाई रोज सूर्य मावळताना पाण्यावरून चालत काठाकडे येते, अशी गोष्ट. ती बाई मात्र दादाने बाहेरून आणली.

"तू पडद्यामागेच कामाची," तो म्हणाला. "बाईला पाण्यावरून चालवायचं कसं, ते तुझ्याशिवाय कुणाला सुचणार?"

इतक्या गोड शब्दांत मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

बाहेरून आणलेली नटी माझ्या खांद्याएवढी. पहिल्याच दिवशी दादा तिला 'पिटू' म्हणायला लागला. मला तो 'जिराफ' म्हणतो. पिटूला सर्दी होऊ नये म्हणून थर्मास आला, पिटूला ऊन लागू नये म्हणून छत्री आली. एका दुपारी मी मोजलं: तासाभरात त्याने तिला एकतीस वेळा हाक मारली, मला दोनदा. त्यातली एक हाक टॉर्च कुठे आहे ते विचारायला.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिथून मोडीत काढलेली अकरा लोखंडी स्टुलं आणली आणि मांडीभर पाण्यात एका रांगेत लावली. तळ उतरता होता, म्हणून पायांखाली विटा घातल्या. प्रत्येक स्टूल पाण्याखाली बरोबर तीन सेंटिमीटर. पाणी गढूळ, त्यामुळे काठावरून काही दिसत नव्हतं. भुताने खाली बघायचं नसतं, म्हणून दोन स्टुलांमधलं अंतर सारखं हवं. एका स्टुलावरून पाऊल टाकायचं आणि ते जिथे पडेल तिथे पुढचं ठेवायचं, अशी मी ती लावली. मग रोज सकाळी, बाकीचे यायच्या आधी, केस मोकळे सोडून त्यांवरून चालायचे. तपासणी म्हणून.

तळ्यावर चित्रीकरण करायची परवानगी ज्या दिवशी संपत होती, त्याच दिवशी हा प्रसंग घ्यायचा होता. सूर्य झाडांना टेकला होता. पिटू समोर नजर ठेवून पहिल्या स्टुलावरून निघाली, दुसऱ्यावर कशीबशी पोचली आणि तिसरं पाऊल टाकताच धप्पकन पाण्यात. दादा बुटांसकट धावला.

"लागलं का गं? लागलं का?"

ती हसत उठली, पुन्हा चढली, पुन्हा पडली. या वेळी दुसऱ्याच पावलाला.

दादा माझ्याकडे वळला. "स्टुलं हललीत का?"

"जागची हललेली नाहीत."

"मग ती पडते कशी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अंतर मी माझ्या पायाने घेतलं होतं. माझं पाऊल एकाहत्तर सेंटिमीटरचं, तिचं फार तर पंचावन्न. मुद्दाम केलं नव्हतं, शप्पथ. मोजताना त्यांवरून दुसरं कुणी चालणार आहे, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

उपाय होता. दिव्यांच्या टेम्पोत चार-चार मीटरच्या दोन फळ्या पडल्या होत्या. स्टुलांवर आडव्या टाकून बांधल्या की झालं. फळीची जाडी अडीच सेंटिमीटर, म्हणजे वर अर्धा सेंटिमीटर पाणी उरलं असतं. काम दहा मिनिटांचं. उजेड वीस मिनिटांचा.

"स्टुलं हलवायला तास लागेल," मी म्हणाले. वाक्य खरं होतं. मी ते निवडून घेतलं होतं.

दादाने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दुसरा झगा घाल. केस तोंडावर घे. जा, जिराफ."

मी चालले. अकरा पावलं, एकही चुकलं नाही. पाणी पायाच्या बोटांवरून जात होतं. दादा 'कट' म्हणायला विसरला. आठवल्यावर ओरडला, "पिटू, इकडे ये, बघ कसलं दिसतंय!"

पिटू ब्लँकेट गुंडाळून काठावर बसली होती. तिने थर्मासचं झाकण भरून चहा माझ्यापुढे धरला.

"टेम्पोतल्या फळ्या टाकल्या असत्या तरी भागलं असतं, नाही?" ती हळूच म्हणाली.

मी झाकण घेतलं, पण प्यायले नाही. "तुला फळ्या कुठे दिसल्या?"

"त्यांच्यावरच बसून रोज मेकअप करते मी. समोर तळं दिसतं. सकाळी लवकर आले की तूही दिसतेस." ती शिंकली. "मला तसं चालता आलं नसतं बाई. म्हणून गप्प राहिले."

मला वाटत होतं, भूमिका मी चोरली. ती तर तिने दिली होती.

"पिटू! येतेस ना?"

"ओ डायरेक्टर," तिने तिथूनच आवाज दिला, "आधी बहिणीला दाखवा की! पाण्यावरून तीच चाललीये."

"अरे हो! ये, जिराफ."

मी गेले. पण त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधीच्या पंधरा दिवसांत सगळा मिळूनही वाटला नव्हता.