जिन्यातला हात

मुकादमांनी पायाच्या अंगठ्याचं नख काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बाईंनी आपलं ताट बाजूला ओढलं. नख पस्तिशीतल्या धडधाकट माणसाचं होतं. सवय मात्र बेचाळीस वर्षांच्या संसारातली, जुनीच.

"अहो, तिथे नका ठेवू. मी जेवतेय."

"जेव की. नवीन नख आहे, घाण कसली?"

मेलेल्यांना दुसऱ्या शरीरात घालून परत आणायला लागले, त्याला आता तीस वर्षं झाली होती. ज्याच्या डोक्यात काही उरलं नाही पण अंग शाबूत आहे, अशा माणसाचं शरीर हे काम करणारी संस्था घेई आणि रांगेतल्या एखाद्या मृताचं मन त्यात उतरवी. गिरणीतून निवृत्त होऊन वारलेल्या मुकादमांचा नंबर चार वर्षांनी लागला. शाळेतली नोकरी संपलेल्या बाईंच्या वाट्याला निवांतपणा आला तो तेवढ्या चार वर्षांपुरताच.

परतल्यापासून मुकादमांना ताळतंत्र राहिलं नव्हतं. आरशासमोर दंड फुगवायचे, दात वाजवून दाखवायचे, 'माल चोख दिलाय' असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. कुणीतरी मायेनं पोसलेलं अंग हा माणूस नव्या बुटांसारखं मिरवतो, याची बाईंना शिसारी येई. आणि त्यांचं ते सकाळचं खाकरणं अनोळखी गळ्यातून ऐकणं तर नकोच वाटे.

पंधरा दिवसांत घरच्यांनी सही केली की माणूस कायमचा घरचा. नकार दिला, तर मन परत संस्थेच्या कपाटात आणि शरीर रांगेतल्या पुढच्याला. बाईंनी पहिल्याच संध्याकाळी नकार ठरवून टाकला होता आणि त्याबद्दल त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी लिफ्ट बंद पडली. दोघं तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं उतरू लागली. मुकादम नेहमीसारखे पुढे, लिफ्टवाल्यांच्या नावानं बोटं मोडत. उतरता उतरता त्यांचा डावा हात मागे आला. तळवा वर, बोटं जराशी उघडी. कुणीतरी धरावा म्हणून तो तसाच थांबून राहिला. मुकादमांची बडबड चालूच होती. आपला हात काय करतोय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बेचाळीस वर्षांत या माणसानं कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. हा हात त्यांचा नव्हेच. या शरीरात आधी जो कुणी होता, त्याच्या मागून रोज कुणीतरी सावकाश पायऱ्या उतरत असणार.

त्यांनी चाचरत आपली बोटं पुढे केली. हातानं ती हलकेच धरली आणि शेवटची पायरी येईपर्यंत सोडली नाहीत. खाली पोचताच मुकादम कोपऱ्यात पचकन थुंकले, तेव्हा बाईंनी तोंड फिरवलं. लिफ्ट दुसऱ्या दिवशी सुरू झाली, पण बाईंना चढउतार तब्येतीला बरा वाटू लागला होता.

पंधराव्या दिवशी संस्थेची तपासनीस आली, कागद आणि एक छोटं यंत्र घेऊन.

"सहीआधी एकच विचारते, बाई. शरीराची जुनी एखादी सवय उरलीय का? हातापायाची हालचाल, काहीही. असेल तर आत्ता पुसून टाकते. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि मी नकार दिला तर?"

"तर पुढच्याला देण्याआधी सगळंच पुसतात. मग काहीच शिल्लक राहत नाही."

"मला तर बुवा काही जाणवलं नाही," मुकादम दात कोरत म्हणाले. "पण असलं तर पुसा बिनधास्त. दुसऱ्याचं खरकटं कशाला ठेवायचं?"

दातातून निघालेलं त्यांनी उजेडात धरून निरखलं आणि परत तोंडात टाकलं. बाईंनी नजर कागदांकडे वळवली. उरलेलं सगळं आयुष्य हे असं समोर बसून पाहायचं होतं.

तपासनीस बाईनं पेन पुढे केलं. "बाई? तुम्हाला दिसलं काही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "होते तसेच आहेत हे. आतून बाहेरून."

आणि त्यांनी सही केली.