चांदीचा मनोरा

भाड्याच्या घरात आधीच्या लोकांचं काही ना काही राहून जातंच. आमच्या वाट्याला माळ्यावरचा एक चांदीचा मनोरा आला. वीतभर उंच, वर झेंडा, पोटाला जाळी आणि एक इवलंसं दार. दादा म्हणाला, "मिरपूडदाणी!" माझ्या या भावाला कशाचंही उत्तर पटकन सुचतं आणि ते हमखास चुकीचं असतं. हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं, लवंगेचा वास यायचा. मी तो घासूनपुसून आप्पांच्या उशाशी ठेवला. पडल्या पडल्या बघायला तेवढंच काहीतरी.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आप्पांचं तोंड वाकडं झालं होतं, वाचा गेली होती. जन्मभर माझ्यावर खेकसणारे माझे वडील आता नुसते पडून असायचे. त्यांचं सगळं मीच करत होते, पण करवादत. खोटं कशाला बोलू?

त्या शुक्रवारी दिवेलागणीला मी त्यांना सूप भरवत होते. ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "दमलीस ना बाळ? टेक जरा."

माझ्या हातून चमचाच पडला. आप्पांनी मला बाळ म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. शनिवारभर ते गोड बोलत राहिले, कुठलीशी अनोळखी चाल गुणगुणत राहिले. अंधार पडताना त्यांनी मनोरा नाकाशी धरला, खोल श्वास घेतला, तो खाली ठेवला आणि गप्प झाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दादा म्हणाला, औषध लागू पडतंय. औषधाला वार कळतो होय?

मी केस कापायचं दुकान चालवते. माझ्याकडे येणाऱ्या एक काकू यहुदी आहेत. त्यांचे केस ओले असतानाच सहज म्हणून मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला.

"अगं, ही तर आमची मसाल्याची डबी!" काकू हसल्या. "शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. तेवढ्यापुरता माणसाला एक जादा आत्मा मिळतो म्हणतात. शनिवारी अंधार पडला की तो निघतो. तेव्हा हिचा वास घ्यायचा, कारण..."

मला तेवढं पुरे होतं. मी ड्रायर सुरू केला. आरशात काकूंचे ओठ हलत राहिले. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर लोभही सुटला होता. वास घेतला की तो जातो, मग वासच नको.

शनिवारी डबी दुकानात कुलपात ठेवून मी आप्पांजवळ बसले. खिडकी काळवंडत गेली. त्यांचा हात उशाशी चाचपडू लागला.

"डबी कुठंय बाळ?"

"नाही देणार. तुम्ही जाऊ नका."

"मला जावंच लागतं गं." आवाज तसाच प्रेमळ होता. "वास माझ्यासाठी नसतो. यांच्यासाठी असतो. मी गेलो की यांना फार पोकळ वाटतं, तेवढाच धीर."

आणि आप्पांचा हात आप्पांच्याच छातीवर टेकला.

मी घाबरले, तरी तो हात घट्ट धरला. रडले, गयावया केली. "राहा ना. मला तुम्हीच हवे आहात."

चेहऱ्यावरून काहीतरी ओसरलं. तोंड पुन्हा वाकडं झालं. आप्पांनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा, खरखरीत आवाज कितीतरी महिन्यांनी फुटला.

"मग... मी नको होतो तुला?"