वडील कधी परत येणार?

स्नेहाच्या पोटात भाविकामुळे नुसता जाळ उठायचा. बोईसरच्या इंग्लिश क्लासात प्रदीप सर 'मे' आणि 'माइट' शिकवत होते. उद्याचं काही नक्की नसलं की हे शब्द वापरायचे, एवढंच. बेटेगावात घरी बसून स्नेहानं पानंच्या पानं घोकली. आणि ही तारापूरच्या बंदरावरची भाविका वही न उघडता उभी राहायची, धडाधड वाक्यं म्हणायची, अन् सर म्हणायचे, "वा! याला म्हणतात बोलणं." घोकून मरायचं हिनं आणि वाहवा तिची! कुणाला सहन होईल हो?

त्यातच एमआयडीसीतल्या एका कंपनीला फोन घ्यायला मुलगी हवी होती. कंपनीच्या मॅडम क्लासातच मुलाखती घेणार होत्या. जागा एक. स्नेहाच्या आईनं बजावलं होतं, "नोकरी लागली तर बघू. नायतर दिवाळीनंतर तुझं लग्न." मुलगा पाहून झाला होता. स्नेहाला तो मुळीच नको होता.

मुलाखतीच्या सकाळी भाविकाच्या वडिलांना बोट घेऊन मासेमारीला जाऊन चार दिवस झाले होते. स्नेहाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मागे त्यांच्या घरी तिनं सहज विचारलं होतं, "काका कधी येणार?" तशी भाविकाची आई रंभाबाई एकदम उसळली होती. "बोट दर्यात हाय नं? मंग असं इचारत नाय, पोरी! अपशकुन होतो!" भाविकाही मग तासभर गप्पच होती.

स्नेहानं जिन्यातच मॅडमना गाठलं. "मॅडम, भाविकाला वडील कधी येणार ते विचारा ना. बोटीविषयी छान बोलते ती." असा साळसूद चेहरा केला म्हणता, मांजरानंही शिकावा.

स्नेहाची मुलाखत झकास झाली. सगळं पाठच होतं. मग भाविका आत गेली आणि स्नेहा दाराला कान लावून उभी राहिली. प्रश्न आला. आत शांतता. 'बस आता गप्प,' स्नेहा मनात नाचली.

मग भाविका हळूहळू इंग्रजीत बोलायला लागली. घरी आम्ही हे विचारत नाही, म्हणाली. ते कदाचित आज येतील, कदाचित गुरुवारी. न येण्याचं आम्ही बोलत नाही. आई रोज त्यांचा भात मात्र वेगळा काढून ठेवते.

"आमच्याकडे दिवसभर हेच फोन येतात, माल कधी येणार," मॅडम म्हणाल्या. "खोटा शब्द न देता समोरच्याला धीर देणारी मुलगी मला हवी होती. सोमवारपासून ये."

स्नेहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडूही येत होतं. स्वतःच्या हातानं धोंडा उचलून पायावर पाडून घेतला होता तिनं!

भाविका बाहेर आली ती थेट तिच्या गळ्यातच पडली. "मॅडमनी सांगितलं मला, बोटीचं तू सुचवलंस. जागा एकच हाय ते ठाऊक असून? सख्खी बहीण तरी करल का गं एवढं?"

तिच्या आसवांनी स्नेहाचा खांदा ओला झाला. तेवढ्यात स्नेहाचा फोन वाजला. आईच होती.

"काय झालं गं? नोकरी नसेल लागली तर मुलाकडच्यांना हो कळवू ना?"

भाविकाची मिठी सुटत नव्हती.

"कळव," स्नेहा म्हणाली.