टाकीतला दिवा

भीमसेनला जगात एकाच माणसाची भीती वाटायची, आणि ती म्हणजे त्याची थोरली बहीण. बंगळुरातल्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला, भल्याभल्यांना सुतासारखं सरळ करून रिटायर झालेला हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस. पण अनुसूयाक्कानं आतून नुसतं "भीमू" म्हटलं की हातात असेल ते पाठीमागे लपवायचा. गेली चार वर्षं तर त्याच्याकडे लपवण्यासारखं खरोखरच काहीतरी होतं. तो घरी वाइन करायचा.

येलहंक्याच्या जुन्या भागात त्यांचं घर. परसात तुती होती, पेरू होता, एक आंबट राजआवळा होता. ज्येष्ठ-आषाढात तो पहाटे पिशवी घेऊन तळ्याकाठच्या रस्त्यानं निघायचा आणि झाडांखाली पडलेली जांभळं वेचायचा. कानडीत नेरळे हण्णू म्हणून बाजारात ज्याचा एवढा भाव, ते इथे लोकांच्या चपलांखाली चिरडून जायचं, हे त्याला बघवत नसे. फळं धुवायची, कुस्करायची, साखर-पाणी घालून यीस्ट टाकायचं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि वाट बघायची. दुसऱ्या दिवशी ते बुडबुडायला लागलं की या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते बायको असताना तिनंही कधी पाहिलं नसेल. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि अक्का, दोघंच; मागची एक खोली तेवढी भाड्यानं दिलेली.

आणि अक्काला दारूचं नाव चालत नसे. तिचा नवरा दामोदर एक्केचाळिसाव्या वर्षी पिऊन पिऊन गेला. ती माहेरी आली ती दोन ट्रंका घेऊन, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वडिलांना म्हणाली, "या घरात बाटली येणार असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे जाते." ते वाक्य तिला पुन्हा कधी म्हणावं लागलं नाही.

तेव्हा वाइन ठेवायची कुठे? अंगणात जमिनीखाली पाण्याची जुनी टाकी होती, बंगळुरात घरोघरी असतो तसा संप. घराला नवी टाकी बांधल्यापासून हा जुना संप कोरडा पडलेला. आठ फूट खोल, आत उतरायला भिंतीत लोखंडी पायऱ्या, वर दोन फुटी चौकोनी झाकण. आत भर उन्हाळ्यातसुद्धा गारवा. भीमसेननं तिथे बरण्या मांडल्या. जुनं सामान ठेवलंय, असं अक्काला सांगितलं.

त्याच्या चुलतभावाचा मुलगा कार्तिक इंदिरानगरच्या एका पबमध्ये बियर बनवायचा. यीस्ट त्याच्याकडूनच यायचं. बरण्या संपात ठेवल्याचं ऐकल्यावर तो पहिल्यांदा काकांवर चिडला.

"काका, फळं आंबताना जो वायू निघतो तो हवेपेक्षा जड असतो. तुमच्या त्या खड्ड्यात तळाला साचून राहणार. आत गेलात तर दोन श्वासांत आडवे व्हाल. आमच्याकडे टँक धुणाऱ्या पोरांना आधी हेच शिकवतात."

"अरे, विहीर उपसणारे काय करायचे? आधी कंदील सोडायचे. कंदील जळला तर माणूस खाली. मी दिवा सोडीन."

"सरी, बरं, सोडा. पण आत्याला सांगून ठेवा. वाइनचं सांगू नका हवं तर. वायूचं सांगा."

"वायूचं सांगितलं की वायू कशाचा ते सांगावं लागेल ना."

कार्तिकनं यीस्टची पुडी त्याच्या हातात ठेवली, आणि भीमसेनला वाटलं आपण जिंकलो. हुशारी कुठे दाखवावी हे त्याला आयुष्यभर कळलं नाही, ते इथेही कळलं नाही.

त्यानं एका डब्याला तारेची कडी लावली, तळाशी देवघरातलं जुनं निरांजन बसवलं आणि कडीला काथ्याचा दोर बांधला. दिवा तळाशी जळत राहिला तर उतरायचं. विझला तर झाकण उघडं टाकून टेबलफॅन खाली सोडायचा, अर्ध्या तासानं पुन्हा दिवा. चोख व्यवस्था होती. एके संध्याकाळी तो दोर सोडत असताना मागून अक्काचा आवाज आला.

"भीमू, काय करतोयस?"

आता इथे माणसानं काय म्हणावं? उंदीर आहे का बघतोय म्हणावं, काहीतरी पडलंय म्हणावं. भीमसेनच्या तोंडून आलं, "गंगेला दिवा दाखवतोय, अक्का. तीस वर्षं या टाकीनं पाणी पाजलं आपल्याला."

अक्का बघत राहिली. हा भाऊ देवाला कधी धड नमस्कारही न करणारा. तिनं पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि संपाला हात जोडले. भीमसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सुटलो असंही वाटलं. त्या दिवसापासून दिव्याचं तेल-वात अक्काच तयार ठेवायला लागली. रोज तिन्हीसांजेला डबा खाली जायचा. वाइन नसली तरी जायचा, कारण आता तो बंद कसा करणार?

एकदा तिच्यासमोरच तो विझला. अक्काचा चेहरा उतरला.

"वारा लागला," भीमसेन म्हणाला.

"खाली कुठला वारा?"

"असतो गं स्वल्प."

तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं निरांजनात दोन वाती घातल्या आणि तेल काठोकाठ भरलं.

या वर्षी जांभळं अमाप आली. भीमसेनला मोह आवरला नाही. दरवर्षी दोन बरण्या घालणाऱ्या माणसानं पन्नास लिटरचे दोन ड्रम आणून अक्का देवळात गेलेली असताना खाली उतरवले, आणि फळं थोडी थोडी करून आठवडाभरात भरली. भरून झाल्यावर चौथ्या दिवशी ड्रम असे काही उसळत होते की वरून कान लावला तरी ऐकू यायचे. त्या सकाळी भुरभुर पाऊस होता म्हणून त्यानं झाकण लावून टाकलं आणि एका बाटलीत नमुना घेऊन कार्तिककडे इंदिरानगरला गेला. पाचपर्यंत परत यायचं होतं. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर एक ट्रक बंद पडला आणि बस अडीच तास जागची हलली नाही. त्यानं घरी फोन लावला. अक्कानं उचलला नाही. पूजेच्या वेळी ती फोनला हात लावत नसे. दिव्याची वेळ झाली हे त्याच्या लक्षात आलं, आणि एक दिवस चुकला तर काय बिघडलं, असं तो मनाशी म्हणाला.

तो फाटकातून आत आला तेव्हा साडेसात होत आले होते. अंगणातला बल्ब जळत होता. संपाचं झाकण बाजूला काढलेलं होतं, आणि त्याच्या कडेला अक्काच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

त्यानं हाक मारली. मोबाइलचा उजेड खाली टाकला. ती दोन ड्रमांच्या मधे पडली होती, लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता.

आरडाओरडा ऐकून समोरचा रिक्षावाला देवाप्पा धावत आला. त्यानं खाली बघितलं, लुंगी वर खोचली आणि पायरीवर पाय टाकला. भीमसेननं त्याला मागून कमरेला मिठी मारून ओढलं. दोघं चिखलात पडले.

"सोडा अण्णा, जीव असंल अजून!"

"गॅस आहे खाली. तू मरशील."

"मग काय बघत बसायचं?"

आणि खरोखर तेच करावं लागलं. टेबलफॅन आणला, दोरीनं सोडला, वायर पुरेना म्हणून दुसरी जोडली. या पाच-सात मिनिटांत भीमसेनच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपल्याला खाली उतरता येत नाही कारण आपल्याला माहीत आहे, आणि ती उतरली कारण तिला माहीत नव्हतं. देवाप्पानं फोन करून बोलावलेले अग्निशामकवाले तोंडाला नळी लावून उतरले आणि अक्काला वर आणलं. ती केव्हाच गेली होती.

तिच्या उजव्या मुठीत काडेपेटी होती. तिची बोटं सोडवताना भीमसेनची नजर झाकणापाशी गेली. तिथे तीन जळक्या काड्या पडलेल्या होत्या. त्याला सगळं समोर घडल्यासारखं दिसलं. भीमू आला नाही, वेळ टळत चालली, म्हणून तिनं दिवा लावून सोडला. तो विझला. ओढून घेतला, लावला, सोडला. पुन्हा विझला. तिसऱ्यांदाही विझला. दिवा विझलेला तसाच ठेवून देणं तिच्यानं होणार नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी चपला काढून, देवळात उतरावं तशी ती खाली उतरली, हातानं लावायला.

पोलीस आले, पंचनामा झाला, ड्रम जप्त झाले. घरात दारू गाळतात काय, म्हणून एका हवालदारानं त्याला चार शब्द सुनावले. त्यानं सांगतील तिथे सह्या केल्या. गल्लीला वाइनचं कळलं, नातेवाइकांना कळलं. कार्तिक स्मशानात त्याच्या शेजारी उभा होता. "आत्याला सांगितलं होतंत ना?" असं त्यानं हळूच विचारलं. भीमसेननं मान खाली घातली, आणि मग तो पोरगा लांब जाऊन उभा राहिला.

दिव्याविषयी कुणीच काही विचारलं नाही. रोजचा नेम करायला गेली आणि तोल गेला असेल किंवा गुदमरली असेल, असं जो तो म्हणाला. आलेल्या बायका तर म्हणाल्या, पुण्यवान होती, गंगेच्या सेवेत गेली. भीमसेन ऐकत राहिला. तिला पुण्यवानच राहू दे, असं तो स्वतःला समजावत होता. खरं तर त्याला स्वतःला वाचवायचं होतं.

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी मागच्या खोलीतली भाडेकरू चंपा अंगणात आली. निपाणीकडची बाई, शिवणकाम करायची, दुपारची अक्काशी बोलत बसायची. तिनं तो डबा घासूनपुसून लख्ख केला होता. आत दोन वाती होत्या.

"अण्णा, अक्कांचा नेम मी चालवू म्हंते. तुमी हो म्हणा फकस्त."

चंपा झाकणापाशी बसली.

"एक सांगू का? अक्कांना ठाऊक होतं. वाइनचं."

"काय?"

"पैल्या वर्षापासनं. वास लपतोय व्हय? मी इचारलं एकदा, अक्का, तुमाला राग नाही येत? तर म्हणाल्या, येतो की. माझा नवरा प्याला, पण देवाला कधी तोंड दाखवलं नाही त्यानं. माझा भीमू दारू करतोय खरं, पण रोज गंगेला दिवा दावतोय. तो दिवा जळतोय तवर मी काय बोलायची नाही. म्हणून तर त्यो इझला की त्यांच्या जीवाला घोर लागायचा. तुमच्यापायी हो. तुमाला काय होऊ नये म्हणून."

भीमसेन घराच्या पायरीवर बसला. चार वर्षं जी गोष्ट लपवायला तो खोटं बोलला ती लपलेलीच नव्हती. उरलं होतं ते नुसतं खोटं, आणि तिनं ते जिवापाड जपलं होतं.

चंपानं काडी ओढली, दोन्ही वाती लावल्या आणि दोर हळूहळू सोडला. संप आता रिकामा होता. डबा तळाला टेकला आणि ज्योत सरळ उभी राहिली.

"बघा, कसा निवांत जळतोय," चंपा म्हणाली. तिनं हात जोडले. "त्या जळक्या काड्या मी बी बघितल्या. मग त्या दिशी कशापायी इझला असंल, अण्णा?"

उद्या ही बाई इथे एकटी दोर सोडत बसेल. परवा आणखी कुणी हात जोडायला येईल. भीमसेननं तिच्या हातातून दोर घेतला.

"तो विझण्यासाठीच होता, चंपा. खाली वायू साचलाय का ते कळायला. विझला की उतरायचं नाही, एवढंच सांगायला तो दिवा होता. ते अक्काला माहीत नव्हतं. तिला मी गंगा सांगितली."